तिळवण : शेतांतील तण व ताटांतील भाजी

मृगाचा पाऊस पडून सोयाबीन, उडीद, मूग वर निघाले, कीं त्यांच्याबरोबर न पेरलेलीं अनेक रोपेंही उगवतात. त्या सर्वांना आपण 'तण' या एकाच नांवानें ओळखतों आणि खुरप्याखालीं घालतों. पण खुरपणीस आलेल्या बाया त्यांतील कांहीं रोपांचे शेंडे निराळे खुडून पदरांत ठेवतात, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें असेल. तांदुळजा, घोळ, पाथरी यांच्या पंक्तींतीलच एक रोप म्हणजे तिळवण. या तणाची ओळख, त्याचा स्वभाव, त्यापासून होणारें नुकसान व त्याचा उपयोग यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा विषय आम्हीं हातीं कां घेतला, याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

गेल्या आषाढांतील गोष्ट. तुळजापूर तालुक्यांतील आमच्या शेतांत सोयाबीन वीस-बावीस दिवसांचें असतां आम्हीं तणनाशक फवारलें. चार-पांच दिवसांनीं उरलेसुरलें तण काढण्यासाठीं बाया लाविल्या. काम दोन दिवस चाललें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं घरीं परततांना एका वयस्क बाईच्या पदरांत तिळवणीचे कोवळे शेंडे दिसले. "मावशी, या रानावर औषध मारलेलं आहे, ही भाजी नेऊ नका," असें आम्हीं म्हणतांच ती थबकली. "आधी सांगायचं न्हाई का, दादा? कालबी हीच भाजी केली हुती. लेकरांनी खाल्ली," एवढेंच ती बोलली आणि पदर तिनें बांधावर झटकला. लेकरांस कांहीं झालें नाहीं. पण तें आमच्या सावधगिरीमुळें नव्हे. फवारणीचा दिवस आम्हीं वहींत लिहिला होता, औषधाचा खर्चही लिहिला होता. पण त्या रानांतील तण कोणाच्या तरी घरचें कालवण आहे, हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, हा या लेखाचा हेतु आहे.

तिळवणीचें कूळ

मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल व अहाळीव हीं सर्व एका कुळांतील झाडें होत. चार पाकळ्यांचें फूल, लांबट शेंग, बारीक गोल बीं आणि चुरडल्यावर नाकांत चढणारा झणका, या त्या कुळाच्या ठळक खुणा. तिळवणींत या सर्व खुणा थोड्याफार फरकानें आढळतात, आणि तिचें बीं तर प्रथमदर्शनीं बारीक मोहरीसारखेंच दिसतें.

असें असूनही वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दीर्घकाळ तिची गणना वाघाटी व वायवर्ण यांच्या कुळांत केली होती. आषाढीचा उपवास सोडतांना ज्या वाघाटीची भाजी करतात, तीच ही वाघाटी. पुढें वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याची विद्या निघाली. तिच्या आधारें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणांत वाघाटी, तिळवण व मोहरी या तिन्हींचा समावेश मोहरीच्या एकाच मोठ्या कुळांत केला गेला. २००९ सालच्या सुधारलेल्या वर्गीकरणांत हीं तीन कुळें पुन्हा वेगळीं मांडलीं गेलीं. परंतु तिळवणीचें कूळ वाघाटीपेक्षां मोहरीस अधिक जवळचें आहे, हा निर्णय कायम राहिला. सारांश, तिळवण ही मोहरीची सख्खी नव्हे, तरी जवळची चुलत बहीण आहे.

या नात्याचा शेतकऱ्यास उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, मोहरीचा झणका ज्या जातीच्या गंधकयुक्त द्रव्यांपासून निघतो, त्याच जातीचीं द्रव्यें तिळवणींत आहेत. पान शाबूत असतां वास मंद असतो. तें चुरडतांच पानांतीलच एक पाचक द्रव्य त्यांस भेटतें आणि तिखट वास सुटतो. भाजीचा कडवटपणा, तिचा उग्र वास आणि तिचे कांहीं औषधी व अपायकारक गुण यांचें मूळ या द्रव्यांत आहे. शिवाय कोबी-मुळ्यावरील कांहीं किडी तिळवणीवरही पोसल्या जातात. म्हणून त्या पिकांच्या वाफ्याजवळ तिळवण राखूं नये.

ओळख

आपल्याकडे तिळवणीच्या दोन जाती मुख्यत्वें आढळतात. नांवें गांवोगांव बदलतात. पिवळ्या जातीस कोठें कानफुटी म्हणतात, आणि तेंच नांव दुसऱ्या एका वेलीसही आहे. म्हणून नांवावर न जातां खुणांवर जावें.

पांढरी तिळवण. हें रोप एक हातापासून तीन-चार फुटांपर्यंत सरळ वाढतें. लांब देंठाच्या टोकाला हाताच्या बोटांप्रमाणें पसरलेलीं बहुधा पांच पानें असतात. फूल पांढरें, क्वचित् गुलाबी झांक असलेलें, पाकळ्या चार. फुलाच्या मधून एक बारीक दांडी वर येते व तिच्यावर सहा जांभळट पुंकेसर पसरलेले असतात. मोहरीच्या फुलांतही चार पाकळ्या व सहा पुंकेसर असतात. पण ही वर आलेली दांडी मोहरींत नाहीं. ही या जातीची पक्की खूण समजावी. शेंगा लांब, बारीक व देंठावर बाहेर झुकलेल्या असतात.

पिवळी तिळवण. हिच्या सर्वांगावर चिकट लव असते. हात लावतांच बोटें चिकटतात व उग्र वास येतो. पानें तीन ते पांच, आणि शेंड्याकडील पानें बहुधा तीनच. फूल पिवळें, पाकळ्या चार, पुंकेसर पुष्कळ. शेंगा उभ्या, रेघाळ व चिकट असतात.

भाजीसाठीं मुख्यतः पांढरी जात घ्यावी. पिवळी जात अधिक उग्र असून तिचें महत्त्व पानांपेक्षां बियांत आहे.

येथें एका घातक तणाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. रब्बींत व पडीक जागीं उगवणारा पिवळा धोत्रा, ज्यास कांटेधोत्रा असेंही म्हणतात, त्याचें बीं मोहरीसारखें दिसतें. त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलांत झाल्यानें १९९८ सालीं दिल्लींत जलोदरासारख्या सुजेची सांथ येऊन साठांहून अधिक माणसें दगावलीं. त्या झाडाचीं पानें कांटेरी व पांढऱ्या रेषांचीं असतात, आणि तोडल्यावर त्यांतून पिवळा चीक निघतो. तिळवणीस कांटाही नाहीं व पिवळा चीकही नाहीं. बीं गोळा करणाऱ्यानें आधीं उभें झाड ओळखावें आणि मगच शेंगेस हात घालावा.

तणाचा स्वभाव

पांढरी तिळवण उन्हाळी तापांतही जोमानें वाढते. याचें कारण असें. ज्वारी, मका व ऊस हीं पिकें हवेंतील कर्बवायु ज्या विशेष रीतीनें पानांत सांठवून वापरतात, तीच रीत या झाडास साधली आहे. मोहरींत ती नाहीं, आणि पिवळ्या तिळवणींतही नाहीं. कडक उन्हांत व मर्यादित पाण्यांत अशा झाडांचें काम चांगलें चालतें. हा गुण भातांत आणतां येईल काय, या शोधासाठीं जगांतील शास्त्रज्ञ या रोपाचा बारकाईनें अभ्यास करीत आहेत. आपल्या बालाघाटच्या हलक्या रानांत पावसानें ताण दिला असतां सोयाबीन मान टाकतें आणि शेजारची तिळवण ताठ उभी राहते, याचें कोडें यावरून उलगडेल.

तिचें दुसरें बळ बियांत आहे. शेंगा भरलेलें एक झाड उपटून वाचकांनीं स्वतः शेंगा मोजाव्या व एक शेंग कागदावर फोडून दाणे मोजावे. समजा, झाडावर ४० शेंगा निघाल्या आणि शेंगेंत ८० दाणे निघाले. तर एका झाडाचे ३,२०० दाणे होतात. ताजें बीं बहुधा लगेच उगवत नाहीं. कांहीं महिने तें निद्रिस्त राहतें आणि पुढील पावसाळ्यांत वर येतें. न कुजलेल्या शेणखतांतून व गांवोगांव फिरणाऱ्या मळणीयंत्रांतूनही तण शेतोशेतीं पसरतें. यंत्र आपल्या खळ्यावर घेण्यापूर्वीं झाडून घ्यावें, ही गोष्ट लहान असली तरी मोलाची आहे.

सोयाबीनच्या पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत तणाशीं जी झुंज होते, ती पिकास सर्वांत महाग पडते. म्हणून 'तिळवण खाण्याजोगी आहे, सबब ती पिकांत राहूं द्यावी' असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पिकांत ती तणच होय आणि फुलावर येण्यापूर्वीं निघालीच पाहिजे. सुदैवानें भाजीस योग्य वेळही तीच आहे. कोवळेपणीं उपटलेल्या रोपानें पीकही वांचतें, बियांचा सांठाही घटतो आणि भाजीही मिळते.

अन्यत्र तिचा मान

आपण ज्यास तण म्हणतों, त्याच्या बियांस हिमालयांतील गढवाल भागांत बाजारभाव आहे. तेथें पिवळ्या तिळवणीच्या बियांस 'जख्या' म्हणतात व भाजी-आमटीस मोहरीप्रमाणें त्यांची फोडणी देतात. आफ्रिकेंतील केनिया, झिंबाब्वे वगैरे देशांत पांढरी तिळवण ही लोकप्रिय पालेभाजी असून तेथील शेतकरी ती पेरून बाजारांत विकतात. केनियांत ती दुधांत शिजवून तिचा कडवटपणा घालवितात, तर थायलंडांत तिचे शेंडे आंबवून लोणच्यासारखे खातात. पालेभाज्यांत असणारे लोह, खट, 'अ' जीवनसत्त्वाचें पूर्वद्रव्य व 'क' जीवनसत्त्व हे पोषक घटक तिच्यांत चांगल्या प्रमाणांत आहेत. खरिपाच्या आरंभीं घरांत भाजीपाला नसतो व हातांत पैसाही नसतो. नेमक्या त्याच दिवसांत ही भाजी फुकट मिळते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारीं माणसें रानभाज्यांचीं नांवें कां घेतात, हें यावरून समजेल.

फवारणी व भाजी

आतां मुख्य मुद्यावर येऊं. धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन हें खरिपाचें प्रमुख पीक झालें, मजुरी वाढली आणि खुरपणीच्या जागीं तणनाशक आलें. त्यास आमचा सरसकट विरोध नाहीं; आम्हीही तें वापरलें आहे. पण तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट. सोयाबीनमध्यें उगवणीनंतर वापरलें जाणारें इमॅझेथापायरसारखें औषध तणास हळूहळू मारतें. रोपाची वाढ थांबते, पण पानें कित्येक दिवस हिरवीं दिसतात. त्यामुळें केवळ नजरेनें पाहून भाजी फवारलेली आहे कीं नाहीं, हें ओळखतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट. असें औषध पानांच्या आंत शिरून रोपांत पसरतें. म्हणून पानें धुतल्यानें तें निघून जाईल, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट. औषधाच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकांत फवारणी व काढणी यांमधील जो प्रतीक्षाकाळ दिलेला असतो, तो सोयाबीनच्या दाण्यासाठीं असतो. त्याच शेतांतील तणाची भाजी करून खाणाऱ्या माणसासाठीं तो नसतो. म्हणून फवारलेल्या रानांतील कोणतीही रानभाजी त्या हंगामांत खाऊं नये, हाच एक निर्भय नियम आहे. उसांत २,४-डी मारलेलें असेल, तर त्या फडासही हाच नियम लागू समजावा.

वाऱ्यावर फवारा बांधावर जातो व शेजाऱ्याच्या बांधावरही जातो. त्या बांधावर शेळ्या चरतात. २०२३ सालीं जिल्ह्याचें 'धाराशिव' हें नांव अधिकृत झालें. पण येथील शेळीची जात आजही 'उस्मानाबादी' या नांवानेंच देशभर ओळखली जाते. ज्या जिल्ह्याच्या नांवाची शेळी आहे, त्या जिल्ह्यानें तरी आपल्या बांधाची काळजी घ्यावी. वारा पडलेल्या वेळीं फवारावें आणि बांधालगतचा पट्टा हातानें खुरपावा.

आमची सूचना

(१) फवारणीच्या दिवशीं शेताच्या वाटेवर काठीला चिंधी बांधावी. पुढें कामास येणाऱ्या प्रत्येक बाईस काम सुरू होण्यापूर्वींच तोंडानें सांगावें कीं, या रानांतील भाजी न्यावयाची नाहीं. मजुरी ठरवितांना हें सांगण्याची संवय ठेवली म्हणजे विसर पडत नाहीं.

(२) विहिरीजवळ किंवा गोठ्यामागें दोन-तीन हात रुंदीचा एक वाफा तिळवणीस द्यावा. मागील वर्षाचें बीं उथळ ओळींत पेरून मातीनें हलकें झांकावें. रोपें दाट झाल्यास विरळणी करावी. काढलेलीं रोपें भाजीस चालतात. चार ते सहा आठवड्यांत पहिली खुडणी मिळते.

(३) शेंडा खुडला असतां बाजूचे फुटवे येतात व फुलोरा लांबतो. म्हणून आठवड्याच्या अंतरानें खुडीत राहावें. बियांसाठीं चार-पांच झाडें राखून बाकीच्यांचीं फुलें तोडावीं. राखलेल्या झाडांच्या शेंगा पिवळ्या पडतांच, फुटण्यापूर्वीं, काढून कापडावर वाळवाव्या. नाहींतर वाफ्यांतील भाजी पुढील वर्षीं शेतांतील तण होईल.

(४) न फवारलेल्या शेतांत पहिली कोळपणी पंधरा-वीस दिवसांनीं करावी आणि ओळींतील तिळवण हातानें उपटावी. ती बायांस नेऊं द्यावी. फुलावर आलेलें रोप मात्र बांधावर न टाकतां खड्ड्यांत कुजवावें.

पाककृति व सावधगिरी

फुलापूर्वींचे कोवळे शेंडे व पानें निवडून धुवावीं. उकळत्या पाण्यांत थोडा वेळ शिजवून पाणी काढून टाकावें व भाजी पिळून घ्यावी. कडवटपणा बराच उतरतो. नंतर तेलांत लसूण, मिरची व कांदा परतून त्यांत भाजी घालावी. भिजविलेली मूगडाळ किंवा शेंगदाण्याचें कूट घातल्यास चव सौम्य होते. पाणी टाकल्यानें 'क' जीवनसत्त्वाचा पुष्कळ अंश जातो. म्हणून ताटांत वाढल्यावर लिंबू पिळावें. त्यानें भाजींतील लोह अंगीं लागण्यासही मदत होते. सोबत ज्वारीची भाकरी असली म्हणजे जेवण पुरें झालें.

मोहरी-कोबीप्रमाणें या भाजींतील झणक्याच्या द्रव्यांचें अति सेवन गलगंडाच्या रोग्यास हितावह नाहीं. इतरांनींही ती रोजचें एकमेव अन्न करूं नये. आठवड्यांतून एकदोन वेळां खाल्ली म्हणजे पुरे. कान दुखल्यास पानांचा रस कानांत पिळण्याची जुनी चाल आहे; ती सोडून द्यावी. हा रस त्वचेची आग करणारा आहे आणि कानाचा पडदा फाटलेला असल्यास त्यानें मोठें नुकसान होईल. कान दुखत असेल तर वैद्याकडे जावें. जंतांवर बीं देण्याचा प्रयोगही लहान मुलांवर व गरोदर स्त्रियांवर मनानें करूं नये.

यंदा आम्हीं विहिरीजवळ एक वाफा राखला आहे आणि फवारणीच्या वाटेवर चिंधी बांधली आहे. वर सांगितलेल्या मावशी खुरपणीस आल्या, तेव्हां त्यांनीं प्रथम चिंधी कोठें आहे तें पाहिलें, वाफ्यांतील पहिली खुडणी त्यांनींच केली, आणि जातांना "पांढरीच ठेवा, दादा, पिवळी लई कडू" असा सल्लाही दिला. शेतकरी बंधूंनीं येत्या मृगापूर्वीं आपल्या घरांतील व शेतावर येणाऱ्या बायांना विचारावें कीं, आमच्या रानांतील कोणकोणतीं रोपें तुम्ही भाजीस नेतां. जीं नांवें मिळतील तीं फवारणीच्या वहींत पहिल्या पानावर लिहून ठेवावीं. डब्याचें झांकण उघडण्यापूर्वीं तें पान वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.